नयना बाही

११ जानेवारी १९५९, रविवार

आज माझ्या गाण्यावरून दौंडात एका माणसाचं डोकं फुटलं.

रेल्वेच्या मैदानात दुपारचा कार्यक्रम होता. ‘घोडनदीच्या पाण्यामधी माझं जोडवं वाहून गेलं’ दोन वेळा झालं तरी लोक बसेनात. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पुढची लोको शेडची मंडळी खुर्च्यांवर उभी राहून रुमाल उडवायला लागली. मागं खेड्यावरनं आलेली माणसं होती, त्यांना दिसेना. त्यांनी पुढच्यांचे पाय ओढले. मग खुर्च्याच हवेत उडायला लागल्या. मी थांबले, तर ह्यांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता डोळ्यांनीच दटावलं, गात राहा. मी गात राहिले. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस स्टेजच्या कडेला आला. कानापासून खिशापर्यंत रक्त ओघळत होतं. एका हातानं डोकं दाबून धरलेलं आणि दुसरा हात हलवून तो मला म्हणत होता, “चालू द्या बाई, चालू द्या!”

खोटं कशाला लिहू? भीती वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं जिचं नाव नकुशी ठेवलं, तिच्यासाठी माणसं डोकी फोडून घेतात.

रेकॉर्डवर माझं नाव ‘मिस नयना’ आहे. नाव ह्यांनीच काढलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ‘मिस’ लावायचं, म्हणजे रेकॉर्ड खपते असं हे म्हणतात. चालही ह्यांचीच. शिरूरात पोपटराव बँडवाले म्हटलं की कुणीही घर दाखवेल. मी भांडी घासताना गायचे, ते ह्यांनी ऐकलं आणि मला बँडपुढं उभं केलं. तीन महिन्यांपूर्वी मुंबईच्या कंपनीनं रेकॉर्ड काढली. ही डायरी रेकॉर्डच्या दुकानदारानं भेट दिली. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे. आजपासून लिहिणार.

कार्यक्रमानंतर हे चिडले होते. तिसऱ्या वेळी मी अंतरा वर नेला आणि गळ्याची एक हरकत घेतली, ती बसवलेली नव्हती. खुर्च्या त्यानंतरच उडाल्या. हे म्हणाले, “चाल माझी हाय. तिला तुझं शेपूट कशाला लावतीस?” माझा दंड धरला तो जरा जोरात धरला गेला. चूक माझीच. बसवलेलं गावं.

१४ जानेवारी

संक्रांत. नवा ब्लाऊज शिवायला सुगराबी मावशींकडे गेले. त्या विधवा आहेत, मशिदीमागं ओसरीवर त्यांचं शिलाई मशीन असतं. निम्म्या शिरूरच्या बायकांची मापं त्यांच्या तोंडपाठ आहेत. मी सांगितलं, या खेपेला बाही मनगटापर्यंत लांब पाहिजे, वर झालर लावा. त्या म्हणाल्या, “इतकी लांब? आता थोड्या दिसांनी उन्हाळा यील की गं.” मी म्हटलं, स्टेजवर शोभतं.

दंडाचं माप घेताना त्यांनी टेप अगदी अलगद फिरवली. मोटारीचं दार लागलं म्हणून मी आपणहूनच सांगितलं.

संध्याकाळी ब्लाऊज मिळाला. आकाशी रंग, मनगटाशी पांढरी झालर. आरशात पाहिलं तर खरंच सिनेमातल्या बाईसारखी दिसले. फक्त डावी बाही उजवीपेक्षा सैल झाली आहे. सुगराबी मावशींच्या हातून अशी चूक कधी होत नाही. वय झालं त्यांचं.

३ फेब्रुवारी

एसटी स्टँडवरच्या हॉटेलात माझी रेकॉर्ड लागली होती. मी पदर डोक्यावरून घेऊन बाहेर उभी राहून ऐकत होते. आपला आवाज कर्ण्यातून रस्त्यावर सांडतो आणि कपबशा विसळणारा माणूस त्याच्याबरोबर गुणगुणतो, हे कुणाला सांगून कळणार नाही. आतून कुणीतरी म्हणालं, “आवाज हाय का कोयता!” मग दुसऱ्यानं माझ्याबद्दल जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पहिला त्याच्या अंगावर धावून गेला. बरण्या फुटल्या. मी तिथून निघाले.

बाजारपेठेत दोन मुली दिसल्या, हायस्कुलातल्या असतील. दोघींच्या बाह्या मनगटापर्यंत, वर झालर. एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणाल्या, “तीच गं, नयना!” मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की पोरी माझ्यासारखे ब्लाऊज घालायला लागल्या. हे म्हणाले, “तुझ्यासारखं म्हंजी? गाणं कुणाचं हाय?” खरं आहे ते.

८ फेब्रुवारी

शिरूरातच एका बागायतदाराच्या घरी लग्न होतं. वरात दारात आली तेव्हा मी मुखड्याला एक मुरकी घेतली. घ्यायची नव्हती, गळ्यातून आपोआप गेली. बायकांनी माडीवरून तांदूळ टाकले. नवरदेवाचा बाप ह्यांना सोडून माझ्यापाशी आला, नमस्कार केला.

घरी आल्यावर क्लॅरिनेटचा पुढचा भाग कपाळाला लागला. डाव्या भुवईच्या वर. टाका घालावा लागेल असं वाटलं, पण हळद दाबून धरल्यावर रक्त थांबलं. मग ह्यांनीच ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी होतं ह्यांच्या. “मला असं का करायला लावतीस?” म्हणाले. माझ्या मनात आलं, किती जीव आहे ह्यांचा त्या चालीवर.

आता भांग उजवीकडं पाडून केसांची बट कपाळावर सोडते. दिसत नाही काही.

१९ फेब्रुवारी

आई खुटबावहून आली होती. दगडाबाई नाव तिचं, आणि तशीच आहे. न्हाऊ घालताना तिनं माझी पाठ पाहिली. तिचा हात थांबला, मग पुन्हा पाणी ओतायला लागली. मी म्हटलं, “आई, बाबा तुला मारायचे का गं?” ती म्हणाली, “मला काय इचारतीस? मी नांदले.”

जाताना म्हणाली, “तुझं गानं आपल्या गावात रोज लागतंय. तुझा बाप ऐकतूय बसून. रडतूय बी.” मला फार बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी

एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहिते. पोस्टमन दुपारी रस्त्यात भेटला. “काय बाई, मुंबईचं पाकीट मिळालं का? तुमच्याच नावाचं व्हतं, मालकांच्या हातात दिलं.” मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, जाहिरात होती, सुयांची. रेकॉर्डच्या सुया.

पण मी विहिरीवरून आले तेव्हा बंब पेटलेला होता. दुपारी तीन वाजता. हे काही दुपारी अंघोळ करत नाहीत. मी राखेत काठी घालून पाहिलं, काही नव्हतं. मी अशी संशयी कधी झाले? कीर्ती वाढली की माणसाचं मन कोतं होतं म्हणतात, तसंच असेल.

९ मार्च

बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

गेल्या मंगळवारी तालीम होती. नवीन गाणं. ह्यांनी चाल सांगितली. मी म्हटलं, अंतऱ्याला इथं खाली येण्यापेक्षा वर थांबलं तर? आणि गाऊन दाखवलं. ढोलकीवरचा इलाही ‘वा!’ म्हणून गेला. मेला तोंडाचा फटकळ आहे, पण मनाचा चांगला. ह्यांनी तालीम मोडली, सगळ्यांना घरी पाठवलं. दाराला कडी घातली. मला भिंतीला लावून म्हणाले, “कुठं थांबायचं? हितं? का हितं?” आणि दोन्ही अंगठे गळ्याच्या घाटीवर. मला वाटलं, आता सोडतील, आता सोडतील. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं तेवढं ऐकलं. मग काही नाही.

शुद्ध आली तेव्हा माझं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. हे लहान पोरासारखे हुंदके देत होते. सहा दिवस ह्यांनी मला चमच्यानं दूध पाजलं, ओव्याचा शेक दिला, सुपाऱ्या परत केल्या. इतकं कुणी करत नाही. आज पहिल्यांदा स्वर लावून बघितला. गळ्यात कापूस कोंबल्यासारखं झालंय. वरचा षड्ज लागतच नाही, दार उघडायला जावं आणि तिथं भिंत असावी तसं.

गळ्यावरचे डाग झाकायला काळ्या मखमलीची फीत बांधली आहे. हे म्हणाले, “झ्याक दिसतीया. स्टेजला बी हीच बांध.”

१५ मार्च, रविवार

कोरेगाव भीमाला सकाळी कार्यक्रम होता. मी हातानं खुणा करून सांगत होते, नको, आवाज नाही. हे म्हणाले, शब्द दिलाय.

हजार-दीड हजार माणूस होतं. ‘घोडनदीच्या’ म्हणताना आवाज फाटला. लोक हसले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. कुणीतरी ओरडलं, “नयना न्हाई ही! तिच्या जागी दुसरीच आणलीया!” मग सगळेच ओरडायला लागले. पहिला दगड ढोलकीवर बसला. दुसरा माझ्या गुडघ्यावर. इलाही ढोलकी टाकून माझ्यापुढं उभा राहिला, त्याच्या पाठीत तीन-चार बसले. कनात फाडून माणसं वर चढली. एकानं माझी फीत ओढली, दुसऱ्यानं बाहीची झालर फाडून नेली. दौंडात ज्यांनी खुर्च्या उडवल्या तीच ही माणसं. तोंडं तशीच होती, तसेच दात दिसत होते.

मी मागं वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे क्लॅरिनेट बगलेत घेऊन शांत उभे होते आणि हसत होते. मी घाबरू नये म्हणून हसत असतील.

इलाहीनं मला मागच्या बाजूनं एका घरात ढकललं. घर मोठं, बागायतदाराचं. सून एकटीच होती, साखरबाई. तिनं दाराला आडणा लावला, मला पाणी दिलं. माझ्याच वयाची. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज, वर झालर. बाहेर दगड पडत होते आणि ती माझ्याकडे देवीकडं बघावं तशी बघत होती.

म्हणाली, “बाई, तुमचं लई उपकार झालं.”

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, कशाचे?

“ह्या बाहीचं.” तिनं दाराकडं बघितलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. हातावर विडीच्या चटक्यांचे डाग होते. जुने, नवे. ओळीनं नव्हते, कसेही. “पैलं लांब बाही घातली तर बाया इचारायच्या, का गं, काय झालं? आता कुनी इचारत न्हाई. नयना बाही म्हनत्यात. मला देवाला जाता येतं, हळदी-कुंकवाला जाता येतं. तुमाला कसं सुचलं वो?”

मी काय सांगणार? मी म्हटलं, “स्टेजवर शोभतं.”

ती माझ्या गळ्याकडे बघत होती. फीत गेली होती. तिनं हळूच आपली बाही खाली केली, आणि मग ओढाओढीत वर गेलेल्या माझ्याही.

२२ मार्च

आठ दिवस नीट जेवले नाही. आज बाजारात कासार काळ्या मखमलीच्या फिती विकत होता. काडीला टांगलेल्या, वाऱ्यावर हलत होत्या. “नयना पट्टी! नयना पट्टी!” आठ-दहा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात तिची आई ती बांधून बघत होती. “घट्ट न्हाई ना?” विचारत होती.

मी तशीच सुगराबी मावशींकडे गेले. ओसरीवर बसले. त्या एका नवरीचा ब्लाऊज शिवत होत्या, लांब बाह्यांचा. मी म्हटलं, “मावशी, ही बाही तुम्ही किती जणींना शिवली?”

त्यांनी मशीन थांबवलं. “तू आलीस त्यापासनं? मोजलं न्हाई. पर कुणाची कुठली बाही सैल ठेवायची, ते मला ठावं असतंय.”

तेव्हा मला संक्रांतीचा ब्लाऊज आठवला आणि मला रडू आलं. मावशी रडू देत होत्या. मग म्हणाल्या, “नकुशे, मी तुझं झाकलं. मला वाटलं, पोरीची अब्रू ऱ्हाईल. चुकलंच माझं. आता मी ही बाही शिवणार न्हाई. कुणाला राग आला तर येऊंदे.”

इलाही तिथंच आला होता, मशिदीतून निघताना. पाठ अजून धड नव्हती त्याची. मावशींनी त्याला बोलावलं, “सांग हिला.” तो मान खाली घालून म्हणाला, “वहिनी, कंपनीचं पत्र आलं व्हतं. पोपटरावांनी मला वाचून दावलं, लई शिव्या दिल्या. पाच एप्रिलला तुमाला एकटीला बोलावलं व्हतं. चाल दुसऱ्या कुणाची. क्लॅरिनेट नको म्हनून लिहिलं व्हतं.”

मी म्हटलं, “तू मला का नाही सांगितलंस?”

“भ्यालो.”

राग कुणाचा करावा ते कळेना. सगळ्यांना माहीत होतं. पोस्टमनला, इलाहीला, मावशींना, आईला. मला एकटीला माहीत नव्हतं, आणि मार मी खात होते.

मी घरी गेले नाही. मावशींच्याच इथं राहिले आहे.

१ एप्रिल

जसं झालं तसं लिहायचं ठरवलंय. इकडचं तिकडं करायचं नाही.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला पोपटराव आले. (आता मी नावच लिहीन.) मी इस्त्रीत कोळसे भरत होते, मावशी मशीनवर होत्या. पोपटरावांच्या हातात मोठ्या ढोलाचा दांडका होता. ओरडले नाहीत. “चल,” एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, “येत नाही.”

मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पोपटराव, दोन दिस ऱ्हाऊंदे तिला. मी आणून सोडीन.”

“म्हातारे, तूच हिच्या कानाला लागलीस. तुझ्या बाह्यांनी चढली ही.” आणि त्यांनी दांडका मशीनवर हाणला. चाक निखळलं. मावशींनी दोन्ही हात मशीनवर पसरले, जसं कुणी पोरावर पसरावेत. ते थांबतील असं मला वाटलं. कुणीही थांबलं असतं. त्यांनी दांडका वर नेला आणि मावशींच्या उजव्या हातावर आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. बाभळीची वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मावशी ओरडल्या नाहीत, नुसता श्वास आत घेतला.

इस्त्री माझ्या हातातच होती. मला काही सुचलं नाही, राग आला असंही नाही. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवली. तोंडावर बसली. झाकण उघडलं आणि निखारे त्यांच्या सदऱ्यावर, नवरीच्या ब्लाऊजवर, माझ्या पायांवर उडाले. ते भिंतीला टेकून खाली बसले. तोंडावर हात, बोटांतून रक्त. मग हात खाली घेतला आणि तळव्यावर पाहिलं. पुढचे चार दात. दोन अख्खे, दोन तुकडे.

मी पुन्हा इस्त्री उचलली. हे लिहायलाच हवं. ते खाली बसलेले होते, दांडका लांब पडला होता, आणि तरी मी पुन्हा उचलली. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले. अगदी माझ्यासारखे धरले. कोपरं बाहेर, मान आत. तेव्हा माझे हात थांबले. दया नव्हती ती. आपणच तिथं बसलोय असं दिसलं. मी ओसरीच्या कडेला जाऊन ओकले. मग ब्लाऊज पेटत होता तो पायानं विझवला.

४ एप्रिल

मावशींच्या हाताला प्लॅस्टर आहे. तीन बोटं मोडलीत. डॉक्टर म्हणाले, अंगठा चालेल, बाकीच्यांचं बघू.

फौजदार आले होते. आधी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी मारलं त्याला.” मी म्हटलं, “खोटं आहे, मी मारलं.” फौजदार हसले, “असं कधी बघितलं न्हाई. लोक न्हाई न्हाई म्हणत्यात, तुमी दोघी व्हय म्हणताय.” मग ते दवाखान्यात पोपटरावांकडे गेले. त्यांचं तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून दिलं : पायरीवरून पडलो.

मी इलाहीला म्हटलं, बघ, शेवटी त्यांनी मला वाचवलं. इलाहीनं माझ्याकडं पाहिलं आणि विडी पेटवली.

मावशींनी मात्र आपल्या हाताची तक्रार फौजदारांना लिहून घ्यायला लावलीच. डाव्या हाताचा अंगठा उठवला. केस उभी राहील म्हणतात.

पुढच्या दातांशिवाय क्लॅरिनेट वाजत नाही. फुंकायच्या टोकाची पत्ती ओठ आणि दात यांच्यामध्येच धरावी लागते. मला हे माहीत होतं का, इस्त्री उचलताना? दिवसभर स्वतःला विचारतेय. माझ्या गळ्यावर अंगठे ठेवताना त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की नाही ते मला सांगता येत नाही.

१२ एप्रिल

रात्री नाही, भर सकाळी त्यांची आठवण येते. तालमीच्या वेळेला. त्यांची पेटी काढायची, पाणी भरून ठेवायचं, हे हातांना अजून वाटतं. सहा वर्षांत त्यांनी मला ताल शिकवला, माइकपासून किती लांब उभं राहायचं ते शिकवलं, शब्द कसा फेकायचा ते शिकवलं. ते सगळं खरं होतं. हेही लिहून ठेवते, कारण मावशींना सांगितलं तर वाईट वाटेल.

ते नगरला भावाकडं गेले असं कळलं. तोंड झाकून, मफलर बांधून एसटीत बसले म्हणे. ह्या उन्हाळ्यात.

२८ एप्रिल

कंपनीला मी कार्ड टाकलं होतं. उत्तर आलं. त्यांनी दुसरी मुलगी घेतली. तिचीच रेकॉर्ड येणार. ‘आपली प्रकृती सुधारल्यावर कळवावे.’

पत्र वाचलं, घडी केली आणि मावशींच्या मशीनचं चाक फिरवायला बसले. चाक नवीन बसवलंय. त्या डाव्या हातानं कापड सारतात, मी चाक फिरवते. शिलाई वाकडी येते. मावशी शिव्या देतात, उसवायला लावतात. काल हायस्कुलातली एक मुलगी आली, नयना बाही पाहिजे म्हणाली. मावशी म्हणाल्या, “बंद झाली.” मुलगी माझ्याकडं बघत होती. ओळखलं नाही तिनं. केस मागं बांधलेले, कपाळावरची खूण उघडी. “ती नयना आता गात न्हाई का?” तिनं विचारलं. मावशींनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, “माहीत नाही गं.”

खरंच माहीत नव्हतं.

१७ मे, रविवार

इलाही आठ दिवसांपूर्वी आला होता. बँडच्या मंडळींनी त्याला पुढं केलं होतं. दौंडात एका लाईनमनच्या मुलीचं लग्न, सुपारी घेतलीय, गायला कुणी नाही. मी म्हटलं, आवाज नाही. तो म्हणाला, “जेवढा हाय तेवढा गावा. क्लॅरिनेटच्या जागी बुलबुलतरंग घेतो. पट्टी दोन सूर खाली आणू. तुमी म्हनाल तिथं थांबू आमी.”

आज ते झालं. मांडव रेल्वे क्वार्टरांच्या मधल्या पटांगणात होता. मी साधं लुगडं नेसले होते, गळ्यात काही नव्हतं. उभी राहिले तेव्हा लोक कुजबुजले. ‘घोडनदीच्या’ गाणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. लग्नातली साधी गाणी घेतली, आईच्या तोंडून ऐकलेली, चाल कुणाचीच नसलेली. वरच्या सुरावर आवाज पुन्हा फाटला. मी थांबले. दोन क्षण नुसती ढोलकी चालली होती, इलाही माझ्याकडं बघत होता. मग मी वर गेलेच नाही. तिथून खाली आले, अगदी खाली, जिथं पूर्वी कधी गेले नव्हते. आवाज खरखरीत आला, म्हाताऱ्या बाईसारखा. पण सूर होता. तो मला ऐकू आला. निम्मे लोक पंगतीला उठून गेले. नवरीची आजी मात्र पुढं सरकून बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. कुणी वन्स मोअर दिला नाही, कुणी कुणाला मारलं नाही.

परत येताना ट्रक न्हावऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबला. चार वाजले असतील. मी मागं वाद्यांच्या मध्ये फळीवर बसले होते, आणि माझ्या मनात तोच खालचा सूर चालला होता. इथं आणखी थोडं थांबता आलं असतं, असा काहीतरी विचार करत होते. बाजूनं एकदम एक हात आला.

माझे दोन्ही हात तोंडावर गेले. कोपरं बाहेर, मान आत. मी फळीवरून खाली, ढोलाच्या मागं.

ग्लास फुटला. इलाही होता. चहा द्यायला फाळक्यावरून वाकला होता. त्याच्या मनगटावर गरम चहा सांडला होता, तो त्यानं पुसलाही नाही. ट्रकजवळ सगळी मंडळी उभी होती, बुलबुलतरंगवाला, ट्रँगलवाला, ड्रायव्हर. कुणी हसलं नाही. माझे हात खाली येईनात. मी त्यांना सांगत होते, तरी येईनात.

इलाही गेला आणि दुसरा ग्लास घेऊन आला. फाळक्याच्या कडेवर लांबूनच ठेवला आणि तीन पावलं मागं सरकला.

“वहिनी,” तो म्हणाला, “हितं ठेवलाय.”

मग तो दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. बाकीच्यांनीही तोंडं फिरवली, रस्त्याकडं बघायला लागले.

तो चहा संपवायला मला फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही. ड्रायव्हरनंसुद्धा नाही.